दोन बोटे, ३ लाख २० हजारांचे बिल आणि ५० हजारांची पॉलिसी

भोसरी एमआयडीसीच्या एका गाळ्यातले प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणारा छोटा कारखाना. ५० टनी सी-फ्रेम पॉवर प्रेस दोन, एक शिअरिंग मशीन, कोपऱ्यात वेल्डिंग. वाहन कंपनीच्या पुरवठादाराकडून जॉबवर्क घ्यायचे आणि ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर काढून द्यायचे, एवढा धंदा. मालकाच्या हजेरीपटावर सहा जण, लेबर कॉन्ट्रॅक्टरने दिलेले दोन. १४ ऑगस्ट २०२३, सोमवार, दुसरी पाळी. कॉन्ट्रॅक्टरकडचा २८ वर्षांचा ऑपरेटर, मूळचा लातूर जिल्ह्यातला, डायमध्ये (साच्यात) अडकलेला ब्लँक (पत्र्याचा तुकडा) हाताने काढत होता आणि स्लाइड (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली, मधल्या बोटाची दोन पेरे गेली. पगार १७,५०० रुपये. त्यातले ११,५०० बँकेत, बाकीचे पाकिटातून.

कारखाना, कामगार, बिले आणि तारखा या अभ्यासासाठी जुळवल्या आहेत. कायदा, कलमे, टक्केवारी आणि हिशेबाची रीत मात्र अपघाताच्या वेळी होती तशीच आहे; २१ नोव्हेंबर २०२५ पासून काय बदलले ते शेवटी.

आधी मोजणी: दहा की आठ?

अशा प्रकरणात वकील, एजंट, युनियनवाला, सगळे आधी बोटे मोजतात. मोजायची असतात ती माणसे. राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो आणि या मोजणीत कॉन्ट्रॅक्टरची माणसेही धरली जातात. "माझ्याकडे सहाच आहेत" असे सांगणाऱ्या मालकाकडे कॉन्ट्रॅक्टरचे पाच निघाले तर तो ईएसआयमध्येच आहे, नोंदणी केलेली असो वा नसो. शिवाय एकदा आस्थापना ईएसआयखाली आली की पुढे माणसे कमी झाली तरी ती बाहेर पडत नाही. म्हणून मागच्या काही वर्षांचे हजेरीपट, कॉन्ट्रॅक्टरची बिले आणि दिवाळीआधीच्या गर्दीतले आकडे तपासायचे.

ही मोजणी महत्त्वाची, कारण दोन्ही रस्ते एकदम चालता येत नाहीत. कामगार ईएसआयचा विमाधारक असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे त्याला कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली दावा करता येत नाही. 'विमाधारक' ठरण्यासाठी वर्गणी प्रत्यक्ष भरलेली असण्याची गरज नाही, ती भरायला हवी होती एवढे पुरते. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात हेच धरले. अशा वेळी कामगाराला लाभ ईएसआयसी, म्हणजे ईएसआय चालवणारे महामंडळ, देते आणि बुडवलेल्या वर्गणीपोटी मालकाकडून वसूल करते. आमच्या प्रकरणात सगळे मिळून आठच, आणि मागेही कधी दहा झालेले नाहीत. त्यामुळे रस्ता एकच: १९२३ चा कायदा आणि मालकाच्या खिशातली किंवा पॉलिसीतली रक्कम.

स्लाइड दुसऱ्यांदा का आली

जुन्या पॉवर प्रेसमध्ये रोलिंग-की क्लच असतो; त्यातली फिरती चावी फिरणाऱ्या चाकाला स्लाइडशी जोडते. पायडल सोडले की लॅचने ती चावी पकडून स्लाइड वर थांबवायची असते. लॅचची धार झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली की चावी निसटते आणि पायडलला पाय न लावता दुसरा स्ट्रोक पडतो. त्यात समोरची जाळी काढून ठेवलेली, कारण जाळी असली की ताशी नग कमी निघतात. चिमटा किंवा चुंबकी पिक-अप देण्याऐवजी हाताने ब्लँक काढण्याची सवय.

मालकाचा पहिला बचाव ठरलेला: "हात आत घातला कशाला?" भरपाई कायद्यात या प्रश्नाला फारशी किंमत नाही. कामामुळे आणि कामाच्या ओघात इजा झाली की मालक जबाबदार. कामगाराचा निष्काळजीपणा हा बचाव नव्हे. अपवाद मोजके: नशा, सुरक्षेसाठी स्पष्टपणे घातलेल्या नियमाची जाणूनबुजून अवज्ञा, सुरक्षासाधन जाणूनबुजून काढणे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हे अपवादही चालत नाहीत. आणि जाळी कामगाराने स्वतःहून काढली हे सिद्ध करायचे ते मालकाने. ती जाळी महिनाभर भिंतीला टेकून उभी होती आणि सुपरवायझर रोज तिच्या बाजूने जात होता, असे दुसऱ्या ऑपरेटरने साक्षीत सांगितले की हा बचाव संपतो.

कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणून हात झटकण्याचीही सोय नाही. कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाने नेहमीच्या धंद्यातले काम कॉन्ट्रॅक्टरकडून आपल्या जागेत करून घेतले, तर भरपाई मुख्य मालकाने द्यायची. नंतर त्याला ती कॉन्ट्रॅक्टरकडून मागता येते. कॉन्ट्रॅक्टरकडे बहुधा एक मोटारसायकल आणि दोन मोबाइल असतात, तेव्हा ती वसुली कागदावरच राहते. ही साखळी वर मात्र चढत नाही. अपघात पुरवठादाराच्या किंवा वाहन कंपनीच्या ताब्यातल्या जागेत झालेला नाही, म्हणून त्यांच्यापर्यंत हे कलम पोचत नाही.

पहिले काही तास

तुटलेले बोट स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. प्रेसमध्ये चिरडलेले बोट परत जोडता येण्याची शक्यता कमीच असते, तरी तो निर्णय शल्यविशारदाने घ्यायचा. शॉप फ्लोअरवर बोट कचऱ्यात टाकून तो घ्यायचा नाही.

रुग्णालयात दाखल करताना "घरी दरवाजात सापडले" असे लिहून घेण्याचा आग्रह सुपरवायझर करतो. इथेच पुढचे दीड वर्ष ठरते. केस पेपरवर "कामावर, पॉवर प्रेसमध्ये" असे हवे आणि मेडिको-लीगल (पोलिसांपर्यंत जाणारी) नोंद हवी. नंतर बदललेल्या इतिहासाला विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत सोडत नाही. इजा गंभीर असेल तर कलम १०-ब प्रमाणे मालकाने सात दिवसांत आयुक्तांना, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना, अहवाल पाठवायचा असतो. विमा कंपनीला त्याच दिवशी ई-मेल करायचा, कारण उशिरा कळवले हे दावा नाकारण्याचे सर्वांत स्वस्त कारण आहे.

बिल असे झाले. तातडीची शस्त्रक्रिया आणि सहा दिवसांचा मुक्काम १,८६,०००. जखमेवर त्वचा बसवण्याची दुसरी शस्त्रक्रिया ७४,०००. औषधे आणि ड्रेसिंग ३८,०००. फिजिओथेरपी आणि स्प्लिंट २२,०००. एकूण ३,२०,०००. दाखल करताना मालकाने ८०,००० अनामत भरली. उरलेले २,४०,००० कामगाराच्या घरच्यांनी गावाकडून, सोने गहाण ठेवून आणले.

बिल कमी होऊ शकले असते का? धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाला २ लाख १० हजार कमावणारा माणूस दुर्बल घटकात बसू शकतो. पण हे दाखल होताना मागावे लागते, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे, आणि "कंपनी पैसे भरणार" असे काउंटरवर कळले की सवलतीचा अर्ज कोणी पुढे करत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्या वेळी कुटुंबामागे दीड लाखाचे संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून ते ५ लाख झाले आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुले झाले. जवळचे रुग्णालय योजनेत नव्हते आणि हात रक्ताने भरलेला असताना यादी शोधत कोणी बसत नाही.

या योजनेची एक बाजू फारशी बोलली जात नाही. भरपाई कायद्याच्या कलम ४(२अ) प्रमाणे कामगाराने केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने भरून द्यायचा. कामगाराने खर्चच केला नाही, सरकारी योजनेतून कॅशलेस उपचार झाले, तर भरून द्यायलाही काही उरत नाही. जाळी काढून ठेवणाऱ्या शेठचे बिल अशा रीतीने करदाता भरतो. कामगाराच्या दृष्टीने योजना घ्यावीच. फक्त ती मालकाची उदारता म्हणून त्याला विकली जाऊ नये.

स्टॅम्प पेपर

डिस्चार्ज झाल्यावर शेठ घरी येतात. "दवाखान्याचं मी बघितलंच की रे. आता हे एक लाख घे आणि केसबिस करू नको, हात बरा झाला की परत ये कामावर." नोटरी केलेल्या कागदावर "पूर्ण व अंतिम, यापुढे काहीही मागणी नाही" अशी ओळ.

या कागदाची कायद्यातली किंमत मालकाला माहीत असती तर त्याने तो केलाच नसता. कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडण्याचा करार रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर कलम २८ प्रमाणे तिचे ज्ञापन (लेखी टिपण) आयुक्तांकडे नोंदवावे लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. ज्ञापन पाठवलेच नाही तर कलम २९ लागते: मालक पूर्ण भरपाईला जबाबदार, आणि दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त त्याला वजा करता येत नाही, आयुक्तांनी वेगळे सांगितले तरच. म्हणजे एक लाख दिले, पन्नास हजार वळते झाले, पन्नास हजार गेले.

दवाखान्यात भरलेले ८०,००० तर भरपाईतून वळते होतच नाहीत. उपचारासाठी मालकाने दिलेली रक्कम ही भरपाईपोटी दिलेली मानायची नाही, असे कलम ४ च्या स्पष्टीकरणात सरळ लिहिले आहे. बहुतेक भांडणे याच एका गैरसमजातून होतात.

भरपाईचा हिशेब

कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. अंशतः अपंगत्व असेल तर त्या रकमेचे, गेलेल्या कमाईच्या क्षमतेइतके टक्के.

वेतन १७,५०० असले तरी हिशेबात ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० पर्यंतच धरले जाते. २८ वर्षांचा गुणक २११.७९. म्हणून १५,००० चे ६० टक्के ९,०००, आणि ९,००० गुणिले २११.७९ बरोबर १९,०६,११०.

टक्केवारी पहिल्या अनुसूचीतून येते. पूर्ण तर्जनीला १४, मधल्या बोटाच्या दोन पेरांना ९. एकाच अपघातातल्या इजांची बेरीज होते, म्हणजे २३ टक्के. विमा कंपनीचा डॉक्टर मात्र "एका हाताची दोन बोटे गेली, २० टक्के" असे लिहितो, कारण अनुसूचीत तशीही एक नोंद आहे. ती नोंद दोन पूर्ण बोटांची आहे. मधले बोट इथे पूर्ण गेलेले नाही. (गंमत अशी की दोन्ही बोटे मुळापासून गेली असती तर त्या नोंदीने २० टक्केच मिळाले असते, सुटी बेरीज मात्र २६ होते. शंभर वर्षांच्या कायद्यात अशा खाचा राहतातच.) २३ टक्के म्हणजे ४,३८,४०५ रुपये, २० टक्के म्हणजे ३,८१,२२२. या एका ओळीत ५७,००० चा फरक.

टक्केवारी वरही जाऊ शकते. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात, १९७५ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने कोपराच्या वर डावा हात गेलेल्या सुताराला पूर्ण अपंग मानले, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. अनुसूची मात्र तेवढ्या इजेला ७० टक्के देते. प्रेस ऑपरेटरची उजवी मूठ वळत नाही, अनामिका ताठ राहिली आहे, हे डॉक्टरने मोजून लिहिले तर २३ च्या पुढे मागता येते. त्यासाठी दाखला अपंगत्वाचा नको, कमाईच्या क्षमतेचा हवा, आणि तो देणाऱ्या डॉक्टरने साक्षीला यायला हवे. दाखला जोडला पण डॉक्टर आलाच नाही, तर दाव्यातले ते टक्के लंगडे पडतात. यूडीआयडी कार्डावरचे (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरचे) टक्के वेगळ्या कामासाठी असतात. ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

वेतनाचा पुरावा ही दुसरी चाळणी. बँकेतले ११,५०० च धरले तर भरपाई ३,३६,१११ वर येते, म्हणजे १ लाख २ हजारांनी कमी. सुदैवाने सिद्ध करायचे असते ते फक्त १५,००० पर्यंत, १७,५०० पर्यंत नव्हे. पाकिटावर लिहिलेली रक्कम, सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा ओव्हरटाइमचा हिशेब, बरोबरीच्या ऑपरेटरची साक्ष, यावर तेवढी मजल जाते.

उपचाराच्या काळासाठी अर्धमासिक रक्कम वेगळी: वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे दर पंधरवड्याला ३,७५०. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकले तर ती पहिल्या दिवसापासून मिळते, कमी असेल तर पहिले तीन दिवस सुटतात. १४ ऑगस्ट ते ३० ऑक्टोबर हे ७८ दिवस, म्हणून १९,५००. एवढ्या काळाचा पगार ४५,५०० झाला असता. घर या फरकात मोडते.

हीच बोटे २०१९ साली गेली असती तर? तेव्हा वेतनाची मर्यादा ८,००० होती, ३१ मे २०१० पासून तशीच. भरपाई २,३३,८१६ झाली असती. साडेनऊ वर्षे आकडा हलला नाही आणि मग एका अधिसूचनेने जवळजवळ दुप्पट झाला. महागाईशी तो आजही बांधलेला नाही. आणि वाढीव मर्यादा फक्त नंतरच्या अपघातांना लागते; अपघाताच्या दिवशीचा कायदा धरायचा, हे केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात १९९९ साली पक्के झाले आहे.

पॉलिसी उघडल्यावर

मालकाकडे 'एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन' पॉलिसी होती. सहा नावे, प्रत्येकी १०,००० पगार, वैद्यकीय खर्च माणशी ५०,००० पर्यंत. कॉन्ट्रॅक्टरच्या कामगारांचे जोडपत्र (त्यांनाही पॉलिसीत धरणारी जास्तीची अट) घेतलेले नव्हते.

पहिली गाठ तिथेच: ऑपरेटर यादीत नाही, जोडपत्र नाही, दावा शून्य. कलम १२ ने मालकावर आलेली जबाबदारी पॉलिसी आपोआप उचलत नाही. मोटार विम्यासारखी इथे सक्ती नाही; १९२३ चा कायदा मालकाला जबाबदार धरतो, विमा घ्यायला लावत नाही, म्हणून पॉलिसीत जे लिहिले तेवढेच. दुसरी गाठ पगाराची. हप्ता जाहीर केलेल्या एकूण वेतनावर निघतो. १७,५०० च्या जागी १०,००० दाखवून वाचवलेला हप्ता दाव्याच्या वेळी त्याच प्रमाणात कापून घेतला जाऊ शकतो.

तिसरी गाठ सगळ्यांत मोठी, आणि ती नीट विमा घेतलेल्या मालकालाही अडवते. समजा जोडपत्र होते, पगारही खरा दाखवला होता. कंपनी ४,३८,४०५ आणि १९,५०० देईल, आणि उपचाराचे ५०,०००. बिल ३,२०,०००. राहिलेले २,७०,००० मालकाच्या खिशातून.

याचे कारण कायद्याच्या दोन भागांना वेगवेगळी मापे आहेत. भरपाईला छत आहे: १५,००० चे वेतन, ठरलेला गुणक, ठरलेले टक्के. जबाबदारी आधीच मोजता येते. उपचाराला छत नाही. २००९ च्या दुरुस्तीने, जी १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली, कलम ४(२अ) आले आणि "प्रत्यक्ष झालेला खर्च" एवढेच म्हणाले. त्यानंतर रुग्णालयांची बिले कुठल्या कुठे गेली, पण पॉलिसीतली वैद्यकीय ओळ अनेक शॉपमध्ये अजून ठरावीक रकमेवर अडकलेली असते, कारण ती वाढवली की हप्ता वाढतो आणि एजंट सांगत नाही. मोजता येणारा धोका विकत घेतला, न मोजता येणारा अंगावर ठेवला.

काही मालक म्हणतात, ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट आहे ना. ती पॉलिसी कामगाराला ठरावीक रक्कम देते; मालकाची कायद्याखालची जबाबदारी ती फेडत नाही. घ्यायची तर वरून घ्यावी.

आयुक्तांपुढे

महाराष्ट्रातल्या औद्योगिक भागांत बहुधा कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात. दावा अपघातापासून दोन वर्षांत. कामगार जिथे राहतो तिथेही तो दाखल करता येतो, म्हणजे हा ऑपरेटर लातूरहून करू शकतो. पुण्याला तारखांना येण्याचे भाडे हे अनेक दावे मरण्याचे खरे कारण असते. सोबत लागते ते: मेडिको-लीगल कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मूळ बिले, वयाचा पुरावा, वेतनाचा पुरावा, हाताचे फोटो, मालकाला पाठवलेली नोटीस. नोटीस राहिली तरी मालकाला अपघात माहीत होता एवढे दाखवले की दावा अडत नाही. मूळ बिले मालकाने "क्लेमसाठी" मागून नेलेली असतात. देण्यापूर्वी पोच आणि झेरॉक्स घ्यायची.

कायद्यात निकालासाठी तीन महिने आहेत. आमच्या हिशेबात रक्कम १४ फेब्रुवारी २०२५ ला जमा झाली असे धरू, म्हणजे १८ महिने. भरपाई वेळेत न दिल्यास १२ टक्के साधे व्याज, आणि ते अपघाताच्या तारखेपासून मोजायचे, निकालाच्या नव्हे. सर्पदंशाने गेलेल्या ऊसतोड कामगाराच्या प्रकरणात, महाराष्ट्रातल्याच एका सहकारी साखर कारखान्याविरुद्ध, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली हे पुन्हा सांगितले. ४,३८,४०५ वर दीड वर्षाचे व्याज ७८,९१३.

विनाकारण टाळाटाळ केली तर दंड, भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत, मालकाचे म्हणणे ऐकून. २५ टक्के लागला असे धरले तर १,०९,६०१. दंड विमा कंपनीवर टाकता येत नाही. व्याजही पॉलिसीच्या अटीने वगळता येते, तेव्हा ती अट वाचून घ्यायची. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे तर मालकाला आधी संपूर्ण रक्कम भरावी लागते, आणि अपील फक्त कायद्याच्या ठोस मुद्द्यावर. ही तरतूद कामगाराच्या बाजूची सर्वांत धारदार तरतूद आहे.

जोडपत्र नसलेल्या मालकाची बेरीज: भरपाई ४,३८,४०५, अर्धमासिक १९,५००, उपचार ३,२०,०००, व्याज ७८,९१३, दंड १,०९,६०१. एकूण ९,६६,४१९, आणि वर स्टॅम्प पेपरवर गेलेले पन्नास हजार. वकिलाची फी वेगळी. जोडपत्र आणि खरा पगार असता आणि व्याज वगळलेले नसते, तर त्याच्या वाट्याला ३,७९,६०१ आले असते: उपचाराचे २,७०,००० आणि दंड. त्यातला दंडही त्याने पहिल्या महिन्यात मान्य असलेली रक्कम जमा केली असती तर बहुधा टळला असता. वाद असला तरी मान्य तेवढी रक्कम आधी द्यायची, असे कलम ४अ सांगते.

तोच अपघात ईएसआयमध्ये

१७,५०० पगारावर मालकाची वर्गणी ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के, दोन्ही मिळून महिन्याला सुमारे ७०० रुपये. उपचाराला रकमेची मर्यादा नाही. उपचाराच्या काळात रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ५२५ च्या आसपास. भरपाई कायद्यात हेच २५० पडतात. कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळाने २३ टक्के ठरवले तर दिवसाला सुमारे १२०, महिन्याला ३,६०० रुपये, आयुष्यभर, नोकरी करत असतानाही. वाढ न धरता तीस वर्षांत ते १३ लाखांच्या वर जाते. एकरकमी ४,३८,४०५ इतकी रक्कम दहा वर्षांतच फिटते. कामाच्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ आहे.

ईएसआयवर तक्रारी कमी नाहीत: संदर्भपत्रासाठी हेलपाटे, बाहेर केलेल्या खर्चाची उशिरा परतफेड, अपघाताचा फॉर्म १२ मालकाने वेळेत न भरणे. फॉर्म वेळेत गेला नाही की इजा कामावरची होती का, यावरच चौकशी बसते. तरीही आठ माणसांच्या शॉपसाठी, सगळे १७,५०० वर धरले तरी, वर्षाचा खर्च ६७,००० च्या घरात येतो आणि त्यात उपचाराची उघडी बाजू बंद होते. एकरकमी पॉलिसीला हे जमत नाही.

आजवर अडचण एवढीच की आठ माणसांना दार बंद होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा भरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय कायदा हे दोन्ही तिच्यात गेले. भरपाईचे सूत्र तेच राहिले आहे. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही आता अटींसह धरला जातो. प्रेस शॉपच्या दृष्टीने मोठे बदल दोन. दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाता येते. आणि केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामात एक जरी कामगार असला तरी ईएसआय लागू करता येतो. पॉवर प्रेस त्या यादीत असावे याला बोटे गेलेल्या हातांइतके दुसरे कारण नको.

ईएसआय घेईपर्यंत, किंवा ईएसआयच्या पगारमर्यादेबाहेर, म्हणजे २१,००० च्या वर पगार असलेल्यांसाठी, पॉलिसीच्या नूतनीकरणावेळी एजंटकडून चार गोष्टी लेखी मागायच्या: कॉन्ट्रॅक्टरच्या कामगारांचे जोडपत्र, नावांऐवजी कामाच्या प्रकारानुसार संख्या, रोखीसह खरे वेतन, आणि वैद्यकीय खर्च प्रत्यक्ष होईल तेवढा. शेवटच्या मागणीला एजंट "तेवढं कोणी घेत नाही" म्हणेल. त्याला ३,२०,००० चे बिल दाखवावे आणि हप्त्यातला फरक किती ते विचारावे.